रेशमी रुमालावरचं रक्त

मंदा,

तुझ्या तेरवीचं जेवण मला गेलं नाही. वडे होते, कढी होती, बुंदी होती. कंपनीचे मालक म्हणून रामदासभाऊंनी काही कमी पडू दिलं नाही. पहिला घास तोंडात घातला आणि शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, "किती सोशिक होती वो. शेवटपर्यंत कोनाले कळू नाई देलं." दुसरी म्हणाली, "हाव ना माय, हसत हसत गेली." माझा घास तिथंच फिरला. उठले, मांडवामागे गेले आणि थुंकले. लोकांना वाटलं, शकुनला मैत्रिणीचं दुःख अनावर झालं. दुःख नव्हतं ते. शिसारी आली होती मला.

आपल्या नाटक कंपनीत तू नायिका आणि मी विनोदी बाई. झाडीपट्टीच्या नाटकात हे वाटप ठरलेलंच असतं. धान घरात आलं की गावोगाव मांडव पडतात, वडशाहून आपली गाडी निघते, आणि प्रत्येक गावात नायिकेनं शुद्ध बोलून लोकांना रडवायचं, विनोदी बाईनं मले-तुले करून हसवायचं. तुझी शुद्ध भाषा रंग पुसल्यावरही उतरायची नाही. चहा मागायचीस तरी वाटायचं, आता पडदा पडणार. म्हणून हे तुझ्याच भाषेत लिहून पाहते. राग आला की माझी येईल, आणि राग तर येणारच आहे.

आधी पोरीचं सांगते. पायल माझ्याकडे आहे. तिच्या बापानं आलापल्लीला दुसरा संसार थाटला तो थाटला, तेरवीला तोंड दाखवून गेला, पोरीचा विषयसुद्धा काढला नाही. मी विचारलंही नाही त्याला. पोरगी माझ्या घरात आहे, कॉलेजला जाते, भांडी घासते. "जेवलीस का वो?" तर "हो मावशी." "दुखते का काही?" तर "काही नाही मावशी." आणि वर एक बारीकसं हसू, ओठ बंद ठेवून. ते हसू मी ओळखते. तू ते फोनमधल्या राण्यांकडून उचललंस आणि तिनं तुझ्याकडून. त्या हसण्यामागं तू काय काय दडवलं होतंस ते मी माझ्या हातांनी धुतलं आहे.

हे सगळं सुरू झालं लॉकडाऊनच्या साली. सीझन बुडाला, आपण घरी बसलो, आणि पायलनं तुझ्या फोनमध्ये ती कोरियाची सिरियल लावून दिली. जुन्या काळातली, राजा-राणीची, हिंदीत बोलणारी. पहिल्या दिवशी तू मला फोन करून हसत होतीस. "शकुन, त्यांच्या सरदारांच्या टोप्या पाहा गं, डोक्यावर चाळणी उपडी ठेवल्यासारख्या." आठवड्यानं फोन केला तर नाक चोंदलेलं. मला वाटलं, झाला हिला कोरोना. तू म्हणालीस, "राणीला देशोधडीला लावलं." मी विचारलं, कोणत्या राणीला? तू फोन ठेवून दिलास.

मग एक संपली की दुसरी. सीझन चालू झाल्यावर तर रंगपटातल्या खिळ्याला फोन टांगून तू एकीकडे भुवया काढायचीस आणि दुसरीकडे डोळे पुसायचीस. काजळ ओघळायचं, पुन्हा लावायचीस. बाकीच्या पोरीही येऊन बसायच्या. मी पण पाहिलं, खोटं कशाला बोलू. पण मला दर खेपेला तीच गोष्ट दिसायची. राणीचा काही गुन्हा नसतो. राजाचा तिच्यावर जीव असतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. सासू तिथंही सासूच, फक्त सिंहासनावर बसते. मग बर्फ पडतो. मग कोणीतरी ताटातून विषाची वाटी घेऊन येतं, आणि ही बया आधी ज्यानं वाटी पाठवली त्याच्या दिशेनं वाकून नमस्कार करते आणि मग पिते.

"अवो, लाथ मार ना त्या वाटीले!" मी ओरडायची.

"गप गं शकुन. यात सौंदर्य आहे."

"कायचं डोंबलाचं सौंदर्य? इख पिऊन राह्यली ना थे!"

पोरी खिदळायच्या आणि तू माझ्याकडे अशी पाहायचीस, जशी नायिका खलनायकाकडे पाहते.

आणि तो रुमाल. प्रत्येक सिरियलीत एकीला तरी खोकला असतो. ती पांढरा रेशमी रुमाल तोंडाला लावते, त्यावर रक्ताचा एक ठिपका उमटतो, ती तो घडी करून बाहीत सारते, आणि तेवढ्यात राजा येतो. "तब्येत ठीक आहे ना?" ही हसते. तेवढा भाग तू मागे घेऊन घेऊन पाहायचीस. मला वाटायचं नटी आहे, अभ्यास करते.

केलासच तू अभ्यास. रामदासभाऊंच्या त्या नाटकात नायिका शेवटी मरते, त्या मरणाला चांगली दोन पानं भाषण होतं. छाती पिटणं, लेकराला मिठी, देवाला शिव्या, सगळं. तू भाऊंना म्हणालीस, "हे सगळं काढा. मी बोलणार नाही. मी फक्त रुमाल लपवीन." भाऊ हादरलेच. "मंदाबाई, लोकं रडाले येते. तुमी नाई रडल्या तं लोकं कशी रडन?" मी पण तुला धुतलं. म्हटलं, इथं काही कॅमेरा नाही. वरून माईक लोंबतो आहे, त्याच्याखाली जाऊन ऊर फाडून रडावं लागतं. मागं सतरंजीवर, मांडीवर पोरगं घेऊन बसलेल्या बाईले तुहा एक अश्रू दिसन का? तू म्हणालीस, "दिसेल."

आणि दिसला, मंदा. हे तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. पहिल्याच प्रयोगात तू रुमाल घडी केलास आणि मांडव असा गप्प झाला की मागचा चणेफुटाणेवाला पुडी बांधता बांधता थांबला. मी विंगेत लाल नाक रंगवून उभी होते, माझी एंट्री त्याच्यानंतरची. त्या दिवशी माझ्या पहिल्या विनोदाला कोणी हसलं नाही. तू आडोशाला जाऊन मला डोळा मारलास. पण दुसऱ्या प्रयोगापासून तू त्या शांततेनंतर हळूच एक लांब श्वास सोडायला लागलीस, खास माझ्यासाठी. लोकांची छाती मोकळी व्हायची आणि माझ्या पहिल्या शब्दाला मांडव फुटायचा. इतक्या नायिकांबरोबर कामं केली, विनोदी बाईच्या हशाची काळजी करणारी नायिका तू एकटीच. म्हणून तर रागावण्याचा हक्क वाटतो.

चिमूरकडच्या त्या गावातला प्रयोग आठवतो? तिथली बुढी? तू रुमाल बाहीत सारलास, आणि पुढच्या सतरंजीवरून एक बुढी उठली. हातात पाण्याचा गडवा. सरळ स्टेजच्या काठाशी आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अवो बाई, काऊन लपवून राह्यली? सांग ना त्याले! थो काय तुह्या मांगंच उभा आहे ना!" आणि गडवा तुझ्यापुढं धरला. मांडव हसून हसून लोळला. नायक आपलं वाक्य विसरला. आपल्या लोकांचं हे असंच असतं, नाटक चालू आहे हे त्यांना माहीत असतं आणि तरी मरणाऱ्या नायिकेला पाणी द्यायला ते उठतात. रंगपटात आल्यावर तू केवढी संतापलीस! "अडाणी! एवढा चांगला प्रसंग नासवला. या लोकांना शांत बसून दुःख पाहताच येत नाही."

सकाळी गावकरी आपल्याला घरोघरी चहाला घेऊन गेले, तसा रिवाजच आहे, आणि आपल्या दोघींच्या वाट्याला नेमकं त्याच बुढीचं घर आलं. तिनं चहा द्यायच्या आधी तुझं मनगट धरलं.

"हात कायचा थंडा आहे वो तुहा? आन् डोळे पांढरे काऊन दिसून राह्यले?"

तू म्हणालीस, "मेकअप आहे, आजी."

"रंग तं धुतला ना तू."

तू हात सोडवून घेतलास आणि हसलीस. तेच हसू, ओठ बंद. बुढीनं तुझ्या चहात गुळाचा आणखी एक खडा टाकला. आणि मग गाडीत वडशापर्यंत मी त्या बुढीची नक्कल करत आले. "काऊन लपवून राह्यली वो?" गाडीतले सगळे पोट धरून हसले. तू पण हसलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आता त्या नकलेचा मला इतका वीट आला आहे की कोणी विनोद कर म्हटलं तरी जीभ जड होते.

त्याच सीझनला तू रंगपटात पडलीस. प्रयोग संपला होता, टाळ्या चालू होत्या. सगळ्यांना वाटलं चक्कर आली. मी बाकीच्यांना बाहेर काढलं आणि तुझा शालू सोडवला.

मंदा, काय सापडलं तिथं! जुन्या लुगड्यांचे तुकडे, परकराच्या घड्या, त्यावर प्लास्टिकची पन्नी, त्यावर पुन्हा कापड. सगळं भिजून थिजलेलं. आणि वास. मी खाटीक गल्लीतून नाक न दाबता जाणारी बाई, मला भडभडून आलं. तुझी पाळी बंद होऊन किती तरी काळ लोटला होता, हे मला माहीत होतं, आपण दोघींनी त्याची जिलेबी खाल्ली होती. आणि तरी तुझ्या अंगावरून जात होतं. किती दिवसांपासून? वडशाच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टरीणबाईनं हेच विचारलं. तू छताकडे पाहिलंस. पायल माझ्याकडे पाहायला लागली, मी तिच्याकडे. दोघींनाही काही ठाऊक नव्हतं.

पुढं चंद्रपूर झालं, नागपूर झालं. गर्भाशयात गाठ, ती पसरलेली. सगळीकडे एकच वाक्य ऐकलं, उशीर केला. जिथं जाऊ तिथं तेच, जसं काही सगळ्या दवाखान्यांना एकाच लेखकानं संवाद लिहून दिला होता.

तुझे कपडे मी धुवायची. बादलीत भिजवायची, पाणी फेकायची, पुन्हा भिजवायची, आणि तो रेशमी रुमाल आठवायचा. तिथं एक ठिपका. फुलाच्या पाकळीएवढा. त्या रक्ताला वास नसतो, त्याच्यावर माशा बसत नाहीत, आणि तो रुमाल कोण धुतं हे कधी दाखवत नाहीत. मोरीत बसून मी त्या सगळ्या राण्यांना, त्यांच्या दासींना, सिरियल काढणाऱ्यांना माझ्या भाषेत ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. तुला त्या पाठ आहेत. तुलाही दिल्या.

दवाखान्यातही फोन तुझ्या छातीवरच. मी एकदा हिसकावून घेतला. दुपारची वेळ होती, पायल औषध आणायला खाली गेली होती.

"सांगतलं काऊन नाई तू?"

"सीझन होता."

"सीझन गेला चुलीत. मले काऊन नाई सांगतलं?"

तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. मला वाटलं, घेतलं हिनं पुन्हा नायिकेचं सोंग. मग म्हणालीस, "शकुन, तिथं ती बाई गप्प बसते ना, तर तिच्या तोंडासमोरून कोणी हलत नाही. किती वेळ तिच्याकडेच पाहत राहतात. तिनं न सांगता तिचं दुःख सगळ्यांना कळतं. आपल्याकडं बाई गप्प बसली की घर म्हणतं, बरं झालं, कटकट मिटली. माझ्याकडं इतका वेळ कोणी पाहिलंय गं?"

हजरजबाबी म्हणून माझं नाव आहे झाडीपट्टीत, समोरच्यानं वाक्य टाकलं की माझं तयार. त्या दिवशी काही आलं नाही. मी फोन तुझ्या हातात परत दिला आणि म्हटलं, "झोप आता." आपलं भांडण तिथंच राहिलं.

आता उत्तर आलं आहे. ऐकायला तू नाहीस, तरी ऐक.

तिथं सगळ्यांना कळते, कारण एक माणूस त्या बाईच्या तोंडासमोर कॅमेरा घेऊन उभा असते. पगार घेऊन उभा असते थो. तिची पापणी हालली तरी टिपते. आपल्या तोंडासमोर कोन उभं हाय वो मंदे? मी होती. रोज तुह्या बाजूले बसून तोंडाले रंग फासत होती, आन् तुह्या रंगाखालचा रंग मले दिसला नाई, त्या बुढीले सकाळच्या उजेडात दिसला. म्हणून आपल्याले तोंड उघडावं लागते. बोंबलावं लागते. माईक लोंबते ना वरून, कायले लोंबते थो?

बरं, सगळा दोष कोरियावर टाकून मी मोकळी झाले असते. टाकला होता काही दिवस. पण मग तुझी आई आठवली. तेंदूपत्त्याच्या हंगामात ताप अंगात घेऊन जंगलात जायची, पानं तोडायची, घरी येऊन पुडे बांधायची, आणि विचारलं तर म्हणायची, "बरी हावो माय." एक दिवस पुडे बांधता बांधताच कलंडली. तिनं कोणती राणी पाहिली होती? घरात फोन नव्हता तिच्या. आणि तिच्या तेरवीलाही बाया हेच म्हणाल्या होत्या, किती सोशिक होती. तूच मला सांगितलं होतंस, अभिमानानं. त्या सिरियलवाल्यांनी आपलंच दुखणं घेतलं, त्याला रेशीम नेसवलं, मागं बासरी लावली आणि आपल्यालाच परत दिलं. आणि आपण भुललो, कारण आपल्या आयांना रेशीम कोणी नेसवलंच नव्हतं.

म्हणून मला आता त्या राण्यांपेक्षा त्या शब्दाची किळस येते. सोशिक. मेलेल्या बाईच्या गळ्यात घालायचा हार आहे तो. जिवंतपणी कोणाला त्रास दिला नाही याची पावती. तुझा नवरा तेरवीला हाच शब्द बोलला, डोळे पुसत, चांगली स्वच्छ इस्त्रीची घडी घातलेल्या रुमालानं. त्याच्या रुमालावर काहीच नव्हतं.

तेरवी झाल्यावर एका दुपारी पायल म्हणाली, "मावशी, आईची सिरियल राहिली आहे. शेवटचा भाग." तुला तेवढा पाहता आला नव्हता. आम्ही दोघी बसलो. राणी मेली. राजा बर्फात गुडघ्यावर पडला आणि आभाळाकडे पाहून विचारायला लागला, मला का नाही सांगितलंस? मला इतकी चीड आली! अरे मुर्दाडा, रोज तिच्या हातचं खात होतास, तिचा जीव निम्मा झाला होता, तू काय टोपी सांभाळत होतास? मी वळून पायलकडे पाहिलं. तिच्या गालावर एक अश्रू, एकच, आणि ओठ बंद.

"किती सुंदर संपलं ना, मावशी."

"सुंदर?" मी म्हटलं. "पोट्टे, थे मेली."

ती हसली. कसं हसली ते तुला सांगायची गरज नाही.

आणि मग भाऊ आले. पेढे घेऊन आले, तेव्हाच मला शंका आली. म्हणाले, या सीझनला तेच नाटक पुन्हा लावू, मंदाबाईंच्या आठवणीत. तुझी भूमिका पायल करेल. पोस्टरवर तुझा फोटो, खाली लिहायचं, सोशिक नायिकेला आदरांजली. मी पेढा खाली ठेवला. "भाऊ, तिची माय त्याच्यानंच मेली ना." भाऊ बिचारे वाईट नाहीत, तुझ्यासाठी रडलेत ते, खरे रडलेत. म्हणाले, "शकुनबाई, लोकायले तेच आठवते. थो रुमाल." मी नाही म्हणणार होते. पायल आतून आली आणि म्हणाली, "मी करते, मावशी." तुझ्या भाषेत, तुझ्या आवाजात.

तालमीला मी मुद्दाम गेले. वडशाच्या त्याच हॉलमध्ये, भर उन्हाची वेळ, पंखा खडखड करत होता. पायल उभी राहिली तर काय सांगू! मान तुझी, श्वास तुझा. रुमाल काढला, घडी केली, बाहीत सारला. भाऊंचे डोळे भरले. कोणीतरी पुटपुटलं, "हुबेहूब आईवर गेली."

पण माझी नजर रुमालावर नव्हती. तिचा दुसरा हात ओटीपोटावर दाबलेला होता. हे नाटकात नाही, मंदा. तू कधी तो हात तिथं ठेवला नाहीस, मी तो प्रसंग विंगेतून रोज पाहिला आहे. तिची बोटं पांढरी पडली होती आणि कपाळावर घाम होता, आणि तोंड हसत होतं.

मी उठले. प्रवेश चालू असताना सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काऊन लपवून राह्यली वो?"

भाऊ ओरडले, "शकुनबाई, हे काय! चालू प्रसंगात?" मागच्या पोरांना वाटलं मी पुन्हा त्या बुढीची नक्कल करते आहे, दोघं-चौघं हसलेही. मी तिचं मनगट धरलं. थंडगार.

"काही नाही, मावशी," पायल म्हणाली. शुद्ध, स्वच्छ, नायिकेचं वाक्य.

"मी इथून हालत नाई," मी म्हटलं. "सीझन गेला तरी हालत नाई. पाहून राह्यली मी तुह्याकडं. सांग."

मी हलले नाही. पंखा खडखडत होता. भाऊ काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. मी तिच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले, त्या कॅमेऱ्यासारखी, फक्त माझे पाय दुखत होते. आधी तिचं ते हसू हललं. मग ओठ वाकडे झाले, नाक लाल झालं, आणि तोंड एकदम फाटल्यासारखं उघडलं. काही सुंदर नव्हतं त्यात. शेंबूड आला, लाळ आली, रुमाल हातातून पडला.

"मावशी वो, लय दुखते वो. मायच्या आधीपासून दुखते. तिचं चालू होतं म्हनून मी नाई बोलली."

हॉलमध्ये सगळ्यांसमोर पोरगी मले-तुले बोलत हमसून हमसून रडली. मी तिला कुरवाळत बसले नाही. म्हटलं, "चाल. चप्पल घाल."

त्याच डॉक्टरीणबाईकडे नेलं. तपासलं, मशीनवर पाहिलं. अंगात रक्त फार कमी आहे, आणि अंडाशयावर गाठ आहे, पण साधी आहे. औषधानं नाही गेली तर छोटं ऑपरेशन. मग कागदावर लिहिता लिहिता ती सहज म्हणाली, "वेळेवर आणलंत." मंदा, तुझ्यासाठी आपण इतक्या दारांत उभे राहिलो आणि हे दोन शब्द कुठंच मिळाले नाहीत. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि तुझ्यासाठी रडले. पहिल्यांदाच. मोठ्यानं, ऊर फाडून, आपल्या जुन्या पद्धतीनं. रिक्षावाले थांबून पाहायला लागले. पाहू दे म्हटलं.

भाऊंनी नाटक बदललं नाही, पण पोस्टरवरचा तो शब्द काढला. आणि मरणाच्या प्रसंगात मी एक काम मागून घेतलं. नायिका रुमाल लपवते तेव्हा पुढच्या सतरंजीवरून एक बुढी उठते आणि विचारते. हसणारे हसतील. नायिका सांगते की नाही, ते पायल ठरवणार आहे. मी तिला काही म्हटलेलं नाही.

तुझा फोन तिच्याकडेच आहे. सिरियली पाहते, पाहू दे. काल राणीच्या पुढं वाटी आली तर ही खाटेवरून ओरडली, "अवो, लाथ मार ना!" मी मोरीत होते, हातातली कपबशी सुटली.

आणि कटकट म्हणशील तर विचारू नकोस. गोळी कडू आहे. उशी टोचते. मावशी, तुह्या भाजीत मीठ नाई. मावशी, कंबर दाबून दे. मावशी, तुह्या घोरण्यानं झोप नाई झाली. दिवसभर कान खाते, माय. इतकी किरकिरी पोरगी तुझ्या पोटी कशी आली, शेजारणी विचारतात. मी सांगते, आईवर नाई गेली.

खूप बोलायचं होतं अजून. त्या गुळाच्या चहाबद्दल बोलायचं होतं. पण थांब, उठते. आतून पोरगी बोंबलून राह्यली.